अमावस्येच्या आत

ते प्रकरण आठवलं की आजही माझा रक्तदाब वाढतो. बायको म्हणते, "रिटायर झालात, आता तरी आरोपींना सोडा." पण यातला एक आरोपी मीच. त्याला कसा सोडू?

मी घनसावंगी तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. दुपारी सरकारी दवाखान्यातून फोन आला: बाळंतिणीचं गर्भाशय फाटलं, मूल दगावलं, ऑपरेशन करून बाई वाचवली. तिच्या वडिलांनी फिर्यादीत गावच्या सुईणीचं नाव दिलं, तिनंच काहीतरी पाजलं म्हणून. सत्तरीची म्हातारी. महिला शिपायाला घेऊन मी तिच्या ओट्यावर गेलो आणि ठेवणीतला आवाज काढला, "काय पाजलंस तिला?"

"म्या काय बी पाजलं न्हाई, साहेब. मला बोलावलं तवाच पोट दगडावानी व्हतं. कळ येती, मंग सोडती. हिची सोडतच नव्हती. म्या म्हणले, जल्दी गाडी बोलवा, हे माझ्या हातातलं काम न्हाई."

मला ही पळवाट वाटली. "उद्या अटक," असं बजावून मी रुबाबात निघालो.

रुबाब उतरवला तो दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी. "म्हातारी बरोबर बोलतेय. गर्भाशयाचा स्नायू आवळतो आणि सैलावतो. सैलावतो तेव्हाच बाळाला पुरेसं रक्त मिळतं. हिचं पहिलं बाळंतपण सिझेरियनचं, तिथं टाक्यांचा व्रण. कळा आणणारा काढा बेहिशेबी पाजला, स्नायू सैल पडलाच नाही, व्रण फाटला."

पण पाजला कोणी? दुसऱ्या दिवशी ठाण्यासमोर जीपला ताजी लिंबू-मिरची दिसली. चालक म्हणाला, "काल बांधली, साहेब. दुपारी बाराला अमावस्या लागली ना." या प्रकाराला मी हसायचो, काढून टाका म्हणायची छाती मात्र कधी झाली नाही. तिथंच डोक्यात काहीतरी हललं.

त्या बाळंतिणीच्या घरी जाऊन तिच्या सासूला एवढंच विचारलं, "मावशी, लेकरू अमावस्येच्या आत व्हायला पाहिजे होतं का?"

तिनं आढेवेढे न घेता सांगितलं. "अमावस्येचं लेकरू घराला जड जातं म्हणत्यात. कळा हळूहळू येऊन राह्यल्या व्हत्या. परतूरच्या बाजारातून आणलेल्या तीन दिवसाच्या पुड्या एकदमच उकळल्या. झाडपालाच की तो, त्यानं काय होतंय?"

पुड्यावाला तर हसलाच. "जडीबुटी हाय, साहेब. अपाय बिलकुल न्हाई." त्याची कॉलर धरण्यापासून मला हवालदारानं आवरलं. स्नायू आवळण्याइतकी ताकद ज्या पाल्यात आहे, त्याला अपाय नाही? आणि त्या पुडीवर किती, कधी, कोणाला, एक अक्षर नव्हतं!

तिसऱ्या दिवशी मी त्या सुनेचा जबाब घेतला. तेविसाची पोर. गर्भाशय काढून टाकलेलं.

"सुईणआजीची चूक न्हाई," ती म्हणाली. "तीच एकटी गाडी बोलवा म्हणत व्हती. मी पहिल्या पेल्यालाच आत्याबाईंना म्हणलं, पोट सोडंना, बस करा. त्यांनी आजून दोन पाजले."

"हे आधी का सांगितलं नाहीस?"

"दुसऱ्या दिवशी सकाळीच शुद्धीवर आल्ते, साहेब. सगळ्यांचे जबाब घेतले म्हणं तुम्ही. माझ्याकडं कोण आलं?"

वडील, सुईण, सासू, पुड्यावाला, सगळ्यांना मी विचारून झालं होतं. जिच्या पोटात ते घडलं, ती माझ्या यादीत शेवटची होती. सुईणीच्या ओट्यावर जाऊन मी हात जोडले. तिनं चहा पुढं केला.

पुढच्या नोकरीत बाईच्या जिवावर बेतलेल्या प्रत्येक गुन्ह्यात मी आधी दवाखान्याची पायरी चढलो. हे शिकायला मला चोवीस वर्षांची नोकरी आणि एक मूल लागलं.