मडकेसरांचा माल

मडकेसरांना कुणी पाण्याचा तांब्या दिला, की ते तो उजेडात धरायचे आणि पाण्यालाच विचारायचे, ‘‘कहां से तशरीफ लाए, हुजूर?’’ घरातलं कुणीतरी विहीर, बोअर, टँकर असं काही सांगेपर्यंत घोट घ्यायचे नाहीत. लग्नाच्या पंगतीतही हेच. एकदा त्यांनी नवरदेवाच्या वडिलांना पाण्यावरून इतकं पिडलं, की त्यांना वाटलं, हा मुलीकडचा माणूस भांडण उकरायला आलाय.

जालन्याच्या कडेला आमची शाळा होती. मी मराठी शिकवायचे, ते विज्ञान. जुन्या जालन्यातून लुनावर यायचे. शाळेमागच्या वस्तीला एकच विहीर, आणि तिच्या वरच्या अंगाला जुन्या बॅटऱ्या वितळवून शिसं काढणारा कारखाना. त्याचं सांडपाणी मागच्या उघड्या खड्ड्यात मुरायचं. वस्तीतल्या पोरांची पोटं सारखी दुखायची, दुसरीत पाठ असलेले पाढे पाचवीत गळून जायचे. स्टाफरूममध्ये कुणी या पोरांना मठ्ठ म्हटलं की सर भडकायचे. ‘‘पोरगं मठ्ठ न्हाई, त्याचं पाणी मठ्ठ है!’’ पुढे त्यांनी पाणी तपासून आणलं. शिसंच निघालं. दिसायला मात्र ते पाणी काचेसारखं नितळ होतं.

कारखान्याविरुद्धची त्यांची तक्रार कचेरीत पडून राहिली, मग त्यांनी घरामागे भट्टी घातली. माती, ज्वारीचा भुसा आणि गंजलेल्या लोखंडाचा कीस मळून मडकी थापायची. भाजताना भुसा जळून जातो, बारीक छिद्रं राहतात. त्यातून पाणी झिरपताना शिसं माती-गंजाला धरून बसतं. हे सांगायला सोपं आहे. पहिल्या कित्येक भट्ट्यांतून नुसती खापरं निघाली. सरांच्या पत्नी, आमच्या भाभी, मला म्हणायच्या, ‘‘बाई, इनकी सारी अक्कल भट्टी में, और सारी राख मेरे दालान में.’’ मडकं जमलं, तपासणीत पाणी चांगलं निघालं, तरी सरांनी ते वस्तीला दिलं नाही. विहिरीचं पाणी कॅन भरून लुनावर घरी न्यायचे, मडक्यातून गाळायचे आणि आधी स्वतः प्यायचे. भाभींनी बोलणं टाकलं, पण पाणी तेच प्यायल्या.

घरोघरी मडकी गेली. काही महिन्यांनी मडकं बदलावं लागायचं. आमच्याकडे कुठलं मडकं वाया जातं? चिरलं तर कोंबड्यांना पाणी ठेवायला होतंच. वस्तीतल्या गयाबाईने बदललेल्या मडक्यात कोथिंबीर लावली आणि कौतुकाने सरांना जुडी दिली. सरांनी सगळी कोथिंबीर उपटून काढली. गयाबाई खवळली. ‘‘मंग काय करू? चांगलं मडकं उकिरड्यात घालू?’’

‘‘उकिरड्यात बिलकुल न्हाई. शिसं कुठं गेलं न्हाई बाई. विहिरीतून उठून इथं बसलं, बस्स.’’

बोलता बोलता सर थांबले. कारखान्याच्या धुराड्याकडे बघत म्हणाले, ‘‘ज्याचं है, त्याला देऊन टाकू.’’

दुसऱ्याच दिवशी वापरलेली मडकी हातगाड्यावर रचून सर कारखान्याच्या गेटवर उभे. ‘‘गेट खोला! माल आलाय!’’ वॉचमनला वाटलं भंगारवाला आला, त्याने सलाम करून गेट उघडलं. मॅनेजर धावत आला तोवर मडकी उतरली होती.

मग दर महिन्याला तेच. मडकी रस्त्यावर फेकली गेली, पोलीस आले, हेडमास्तरांनी दम दिला. एकदा मी सोबत असताना मॅनेजर गोड बोलला, ‘‘सर, प्रत्येक घराला मडकं आम्ही देतो. सगळा खर्चा आमचा. आता मडकं आहे म्हटल्यावर तक्रार कशाला? ती मागे घ्या.’’ ते वाक्य ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सर मात्र हसले. ‘‘मडकी आम्ही बनवून राह्यलो, साहेब. तुम्ही घाण बंद करा. मडक्याच्या भरवशावर इथं कुणी विष सोडणार असंल, तर मीच सगळी मडकी फोडीन.’’  त्यांना भीती होती ती हीच, की आपलंच मडकं या लोकांना निमित्त होईल.

खड्डा बंद झालेला बघायला ते राहिले नाहीत. एका सकाळी भट्टीजवळच कोसळले.

त्या महिन्यात गाडा निघणार नाही, असं सगळ्यांनी धरलं होतं. ठरल्या दिवशी वस्तीत रिक्षातून भाभी उतरल्या. मांडीवर घरातलं ते पहिलं मडकं. गाड्यावर सगळ्यात वर ठेवत म्हणाल्या, ‘‘सर गेले. शिसं कुठं गेलं?’’

गेटपाशी पोचलो. भाभी माझ्याकडे वळल्या. ‘‘बाई, आवाज तुम्ही द्या.’’

मी आयुष्यात कधी रस्त्यावर आवाज चढवला नव्हता. पदर खोचला आणि जीव खाऊन ओरडले, ‘‘गेट खोला! माल आलाय!’’

गेट उघडलं नाही. मग गयाबाई ओरडली, मग तिच्यामागे सगळी वस्ती.