दंडावरचा ‘की’

समस्त नातलग, शेजारीपाजारी आणि सोलापूरच्या शुक्रवार पेठेतील सुजाण नागरिकहो, अत्यंत गंभीर निवेदन करतो: वयाच्या चोपन्नाव्या वर्षी माझ्या दंडावर शुद्धलेखनाची चूक झाली आहे. ती खोडता येत नाही. आणि मी शाळेत मराठी शिकवतो!

याचं मूळ माझी लेक. चिमी नोकरीसाठी न्यूझीलंडला असते. तिथल्या मूळच्या लोकांत म्हणे अंगावरच्या नक्षीतून घराणं कळतं. ते बघून हिने मनगटावर तिथल्या नेच्याचं, म्हणजे फर्नचं, पान गोंदून घेतलं आणि मला व्हिडिओ कॉलवर दाखवलं.

“मेंढरावर खूण करत्यात तसलं काय हे?” मी गरजलो.

“आईच्या हातावर तुळस होती की, आबा!”

“ते गोंदण! मेल्यावर तेवढंच बरोबर येतं.”

“मग मी रिकाम्या हातानं जाऊ व्हय?”

मी फोन बंद केला. तिची आई तीन वर्षांपूर्वी ती तुळस घेऊन गेली. आता लेकही गप्प झाली. चार महिने मी रोज सकाळी तिला गुलाबाचा फोटो पाठवायचो. तिकडून नुसत्या दोन निळ्या खुणा. घरात बोलायला उरला कुकर. तोही तीन शिट्ट्यांनंतर गप्प!

शेवटी ठरवलं, माफी मागायची तर कातडीवर मागायची. सात रस्त्याजवळच्या टॅटूच्या दुकानात गेलो. कलाकार नुकताच नागपूरहून आलेला. सुई बघितली की मला घेरी येते, म्हणून दंडाची मागची बाजू त्याच्या हवाली केली.

“काय लिहू, काका?”

“लेकीचं नाव. चिमी.”

“चिमी?”

“चिमी की!”

आता आमच्या सोलापुरात ‘की’ म्हणजे ‘तर काय, दुसरं कोण!’ नागपूरला हे कोण सांगणार? त्याने नाव कागदावर लिहून माझ्यासमोर धरलं.

“बघून घ्या ना, बरोबर आहे का?”

माझा चष्मा शर्टाच्या खिशात आणि शर्ट खुंटीला.

“बरोबर हाय की!” मी ऐटीत म्हणालो. (नशीब, हा दुसरा ‘की’ त्याने गोंदला नाही!)

घरी आल्यावर कळलं, दंडाची मागची बाजू ही दोन माणसांच्या घरासाठी असते. मलम मी उलथन्याने लावलं! मान मुरगाळून आरशात पाहिलं, तर अक्षरं उलटी आणि जरा जास्तच वाटली. म्हटलं, आरसा मोठा आहे. शेजाऱ्यांना शर्ट काढून दाखवायची लाज. असे आठ दिवस गेले.

नवव्या दिवशी कॉल लावला. तिने उचलला! मी काही न बोलता फोनकडे पाठ केली.

“आबा... चिमी की?”

“तूच की!”

“तसं न्हाय, आबा! तितं लिवलंय... चिमी की!”

मी हात मागे नेऊन दंड चाचपला. मागून आधी खुसखुस ऐकू आली, मग चार महिन्यांचं हसू एकदम फुटलं. मीही हसलो, पण वळलो नाही. (डोळ्यात उलथन्यावरचं मलम गेलं असावं.) मग तिचं हसणं मध्येच थांबलं.

“आबा, आठ दिवस हे कुणी वाचलंच न्हाय? घरात वाचायला कुणीच न्हाय व्हय?”

आणि मी, मराठीचा मास्तर, पाठमोराच मोठ्यांदा बोलून गेलो, “हाय की! आरसा हाय. पण त्यो उलटं वाचतोय!”