बॉनेटचा दांडा

पोरानं दोन माणसांची गाडी आणली तेव्हा घरात आम्ही तिघं होतो. तिथूनच सगळं बिघडलं.

शेंद्र्याची आमची जमीन कारखान्यांत गेली. जिथं माझी मेंढरं बसायची तिथं आता गेट आहे आणि गेटवर शिट्टी घेतलेला माणूस आहे. त्यातल्याच एका कारखान्यात पोरगा कामाला लागला. हातात पैसा आला तशी त्यानं पुण्याच्या एका हौशी माणसाची जुनी गाडी आणली. लाल, शर्यतीची, जमिनीला टेकलेली. आत बसायचं म्हणजे विहिरीत उतरल्यासारखं आधी एक पाय सोडायचा, मग बाकीचा माणूस. मागं सीटच नाही. पोराला म्हटलं, "मागचा अर्धा भाग कधी आणणार?" तर तो म्हणाला, "आप्पा, ही एवढीच असती."

पहिल्याच आठवड्यात गाडी तापली. पोरानं पुढचं बॉनेट उघडलं, आत वाकला, आणि ते बॉनेट त्याच्या पाठीवर येऊन पडलं. मी ओट्यावरून बघतोय तर लाल गाडीतून नुसते दोन पाय बाहेर. मी गेलो, एका हातानं बॉनेट उचललं आणि तसाच उभा राहिलो. पोरानं पाणी ओतलं, मी बॉनेट सोडलं. झालं. त्या दिवसापासून तो माझा हुद्दा झाला.

त्या गाडीच्या बॉनेटला दोन्ही बाजूंनी बारकी नळकांडी होती, त्यांना शॉकअप म्हणतात. आत गॅस कोंडलेला असतो आणि तो बॉनेट वर धरून ठेवतो. ह्यातला गॅस निघून गेला होता. बदलायचे तर परदेशातून मागवावे लागणार होते, आणि ते कधी येतील हे कोणी सांगेना. मी म्हटलं, गेला तर भरू. दोन्ही नळकांडी पिशवीत घालून मी शहरात निघालो. सायकलच्या दुकानदारानं पंप लावायला भोक शोधलं, भोक नव्हतं. सोड्याच्या कारखान्यात गेलो, तिथला माणूस म्हणाला, "बाबा, हे प्यायचं हाय का?" मग स्वयंपाकाच्या गॅसच्या दुकानात रांगेत उभा राहिलो. माझा नंबर आला तेव्हा खिडकीतल्या बाईनं कार्ड मागितलं. मी नळकांडी दाखवली. तिनं खिडकी लावून घेतली.

तोवर गाडी जाईल तिथं मी जायचो. ती दर दहा-बारा कोसांवर तापणार, बॉनेट कोणीतरी धरणार, आणि पोराच्या शेजारी एकच सीट. दुष्काळाची ती वर्षं. गावात टँकर यायचा आणि त्या पाण्यातलं कॅनभर पाणी गाडीला लागायचं. मी अंघोळ दोन दिसांआड केली आणि ते पाणी गाडीला दिलं. टँकरच्या रांगेतल्या बाया बोलायच्या, "आप्पा, तुमची लाल म्हस लई पिती. दूध किती देती?" मी म्हणायचो, "भाकड हाय, पण पळती."

माझी घरवाली मात्र हसायची नाही. ती म्हणायची, "मला कवा बसवणार?" मी सांगायचो, "अगं, बॉनेट कोण धरंल? तुझा हात पुरतो का तिथवर?" तिचा हात पुरायचा नाही. ती बुटकी आहे.

आता खरं लिहितो. बॉनेटला टेकू कसा करायचा हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. आम्ही मेंढरं कोंडायला जाळी लावतो, तिला वाघूर म्हणतात. ती ताणून धरायला बाभळीचे दांडे असतात, वरच्या टोकाला बेचकं असलेले. चारा संपला तशी मेंढरं विकली, दांडे छपरात राहिले. त्यातला एक कापून लावला असता तर काम एका तासाचं होतं. पण दांडा लागला की माझी गरज संपली, आणि माझी गरज संपली की ती सीट गेली. जन्मभर मी मेंढरांच्या मागं चाललो, धूळ खाल्ली. आता माझ्या मागं धूळ उडत होती आणि ती दुसरे लोक खात होते. मला ते आवडायचं. म्हणून गप राहिलो. आठ महिने राहिलो.

मग घरवालीच्या भावाच्या नातवाचं लग्न निघालं. पैठणला, म्हणजे तिच्या माहेरी. तिनं त्या दिवसापासून गाडीकडं नुसतं बघायला सुरुवात केली. भांडी घासता घासता बघायची.

लग्नाला आठ दिवस असताना पोरगा आणि मी गाडी घेऊन मिस्त्रीकडं गेलो. क्रांती चौकाच्या मागच्या गल्लीत त्याचं गॅरेज. माणूस चांगला, जुना कारागीर, पण जीभ तिखट. मी बॉनेट धरून उभा, तो आत हात घालून बसलेला. गल्लीतले चार-पाच जण बघायला जमलेले.

मिस्त्री म्हणाला, "क्या चच्चा, कितने दिन खंबा बनके खड़े रहते? एक रॉड बनवा लो."

मी म्हटलं, "बनवायला काय, कवाबी बनवीन."

"तुम बनाते?" तो हसला. "चच्चा, ये मेंढ्या नहीं, मशीन है. अँगल लगता, माप लगता. तुमसे नहीं होता."

जमलेले सगळे हसले. पोरगाही हसला. मला सांगा, मी काय करायला पाहिजे होतं? गप बसायला पाहिजे होतं. सीट माझी होती, लग्न तोंडावर होतं, आणि मिस्त्री मला फुकट खंबा म्हणत होता तर म्हणू द्यायचं होतं. पण मला कोणी "तुमसे नहीं होता" म्हटलं की माझ्या कानात दुसरं काही शिरत नाही.

दुसऱ्या दिवशी दांडा केला. बॉनेट मी जितकं उचलून धरायचो तितकंच माप घेतलं, दोन हात आणि चार बोटं. बाभळीचा जुना दांडा, वाळून लोखंड झालेला. बेचक्याला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली, रंगाला ओरखडा नको म्हणून. खालचं टोक तासून बॅटरीशेजारच्या खाचेत बसेल असं केलं. आणि पोराला म्हटलं, चल गॅरेजला.

मिस्त्रीनं दांडा हातात घेऊन फिरवून बघितला. "ये गिरा तो किसका सर जाता?"

"तुझं घाल," मी म्हटलं.

त्यानं घातलं नाही. मग मी घातलं. बॉनेट दांड्यावर टेकवून मी आत वाकलो आणि म्हटलं, आता हलवा गाडी. मिस्त्रीनं आणि पोरानं दोन्ही बाजूंनी गाडी हलवली. गल्लीतून एक टेम्पो हॉर्न वाजवत गेला. कोणीतरी मागच्या टायरला लाथ मारली. मी आतच. इंजिन गरम होतं, कान भाजत होता, पण डोकं काढलं नाही. शेवटी मिस्त्री म्हणाला, "निकलो चच्चा, मान गए. लेकिन कान लाल हो गया तुम्हारा."

मी छाती काढून घरी आलो. घरवाली दारात उभी होती. पोरानं तिला बॉनेट उघडून दांडा लावून दाखवला. तिनं बोटानं दांडा हलवून बघितला. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "लई झाक झाला. आता लग्नाला मी बसते."



लग्नाच्या दिवशी ती नवी नऊवारी नेसून गाडीत उतरली. दांडा तिच्या पायाशी आडवा. काच खाली करून मला म्हणाली, "एसटीला गर्दी आसंल, लवकर निघा." मी फेटा काखेत धरून एसटीनं निघालो. पैठणच्या रस्त्याला अर्ध्यावर बघतो तर लाल गाडी कडेला, बॉनेट उघडं, वाफ निघतेय, पोरगा कॅन घेऊन उभा. आणि घरवाली बॉनेटच्या सावलीत बसून भाकरी खातेय. तिनं मला एसटीत बघितलं आणि भाकरीचा हात हलवला. दांडा सरळ उभा होता, एवढं मी बघून घेतलं.

मी आधी पोचलो. धरणाचं पाणी पार मागं सरकलेलं, मांडवात टँकरचंच पाणी. मेव्हणे पुढं आले. "दाजी, तुम्ही एसटीनं? आन ती गाडी?"

मी म्हटलं, "गाडीत कोंडल्यासारखं होतं. एसटीची मजा न्यारी. वारं लागतं, चार माणसं भेटतात. मी तर कायम एसटीनंच जाणार."

घरवाली आली, माहेरच्या पोरीबाळींनी गाडीला गराडा घातला. तिनं पोराला बॉनेट उघडायला लावलं आणि सगळ्यांना दांडा दाखवला, म्हणाली, "ह्यांनी केला." म्हातारे मेव्हणे दांडा बघून गेले, गाडी कोणी बघितली नाही. माझी मान ताठ झाली. एसटीची बढाई मात्र मारायला नको होती, कारण जेवणं झाल्यावर घरवाली माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "मी दोन दिस माहेरी राहते. तुम्ही बसा गाडीत."

मेव्हणा शेजारीच उभा होता. म्हणाला, "छ्या, दाजींना एसटीच लागती. चला, आम्ही बसवून देतो."

तीन मेव्हणे मला स्टँडवर घेऊन आले. एकानं खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली, दुसऱ्यानं औरंगाबादचं तिकीट काढून दिलं, तिसऱ्यानं लाडवाची पिशवी दिली. लई अगत्याची माणसं. बस हलेपर्यंत हात हलवत उभी. पोरगा लांब गाडीला टेकून बघत होता. रिकामी सीट मला इथून दिसत होती.

बस गावाबाहेर निघाली. दोन-तीन कोस गेलो असू, तर मागून लाल गाडी आली, बसला मागं टाकून गेली. पुढच्या वळणावर बघतो तर ती कडेला उभी. बॉनेट उघडं, दांडा लावलेला, पोरगा कमरेवर हात ठेवून आत बघतोय.

मी उठलो. "मास्तर, थांबवा! पोराची गाडी बंद पडली!"

कंडक्टर म्हणाला, "बाबा, तिकीट पार औरंगाबादचं हाय."

"आसू दे. पोरगं अडचणीत हाय."

मी उतरलो. गाडीजवळ गेलो. वाफ नव्हती. बॉनेटवर हात ठेवला, पार गार.

"काय झालं?" मी विचारलं.

पोरगा माझ्याकडं न बघता म्हणाला, "बघतोय, आप्पा. सापडंना."

मीही वाकलो. आम्ही दोघं त्या इंजिनात बघत राहिलो, बस वळणाआड जाईपर्यंत. मग मी बॉनेट एका हातानं उचललं, त्यानं दांडा काढला, आणि मी सीटवर उतरलो. आधी पाय, मग बाकीचा माणूस. दांडा मांडीवर आडवा घेतला आणि म्हटलं, "हाण."