टीपताईच्या बाबांची साइट

ऑफिसात तिला सगळे टीपताई म्हणत. वेबसाइट बनवायच्या एका प्लॅटफॉर्मवर ज्यांनी आपापली दुकानं, शाळा नि कविता थाटल्या होत्या, त्यांच्यासाठी ती दर आठवड्याला एक पान लिही. नव्या आवृत्तीत काय आलं, जुन्यातलं काय गेलं, साइट रखडत असेल तर काय करावं. आणि बाई ऐकीव गोष्टी लिहिणाऱ्यातली नव्हे हं! आधी स्वतः करून बघायचं, मगच लोकांना सांगायचं, हा तिचा बाणा. त्याची ती शेखीही मिरवी.

करून बघायचं कुठे, तर बाबांच्या साइटवर. ऑफिसची चाचणीची साइट होती, पण ती रिकामी. खरे लेख, खरे फोटो घरातच असताना तिकडे कोण जातंय? बाबांनी जन्मभर घड्याळं दुरुस्त केली. हात थरथरायला लागले तसं दुकान बंद केलं, तेव्हा वेळ जावा म्हणून तिनेच ती साइट करून दिली होती. बाबा एका बोटाने टाइप करत. अडून बसलेली घड्याळं, ती घेऊन येणारी त्याहून अडेल माणसं, असलं सगळं. लिहायचं आणि प्रकाशित करायचं, एवढंच त्यांना ठाऊक. बाकीच्या चाव्या लेकीकडे. म्हाताऱ्याची साइट वाचतंय कोण, असं ती एकदा डबा खाताना मैत्रिणीला हसत हसत म्हणालीसुद्धा होती.

पूर्वी चारदोन लोक बाबांना कॉमेंट लिहीत. मग एकाएकी सगळं गप्प झालं. रोज चहा घेताना बाबा विचारत, कोणी काही लिहिलं का गं? ती मोबाइलवर साइट वाचकासारखी बाहेरूनच उघडून नाही म्हणे. वर टिपाही दिल्या: मथळा चटकदार करा, लेख आखडता घ्या, लोकांना हल्ली धीर नसतो. बाबांनी बिचाऱ्यांनी तेही ऐकलं. लेख आखडत आखडत इवलासा झाला, तरी कोणी हूं की चूं केलं नाही. शेवटी ते म्हणाले, आपली घड्याळं लोकांना कंटाळवाणी वाटत असणार, या महिन्याअखेर बंद करून टाक. ती बरं म्हणाली. जरा सुटल्यासारखंही वाटलं, हे तिने कोणाला सांगितलं नाही.

त्याच आठवड्यात नवी आवृत्ती आली. मंजुरीसाठी थांबलेल्या कॉमेंट आता साइट चालवणाऱ्याला आत शिरताच पहिल्याच पानावर दिसणार, ही मोठी बातमी. त्या पानाचा फोटो काढायला टीपताईने सवयीने बाबांची साइट आतून उघडली. पानभर कॉमेंट ताटकळत होत्या. फालतू जाहिराती रोखण्याची टीप लिहिताना तिनेच ती सोय इथे करून बघितली होती: प्रत्येक कॉमेंट आधी मंजुरीला थांबवायची आणि सूचनेची ईमेलही बंद. टीप छान झाली, लोकांनी वाहवा केली, आणि सोय पुन्हा उलटी फिरवायची राहिली ती राहिलीच. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

गिऱ्हाइकं होती, शिकणारी मुलं होती, आणि भागीदारकाका होते. बाबांनी ज्यांच्याबरोबर दुकान काढलं आणि एका हरवलेल्या घड्याळावरून ज्यांच्याशी फाटलं, ते. त्या घड्याळावर बाबांनी लेख लिहिला होता, कोणाला बोल न लावता. त्याखाली काकांनी लिहिलं होतं, "घड्याळ माझ्या हातून गेलं आणि नाव मी तुझं घेतलं. गुडघे गेलेत, जिना उतरवत नाही. तू येशील?" त्याच्याखाली, बऱ्याच दिवसांनंतरची दुसरी: "उत्तर नाही दिलंस. हक्कच आहे तुझा. पुन्हा त्रास देणार नाही."

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी जाऊन तिने बाबांसमोर लॅपटॉप ठेवला आणि सगळं सांगितलं, सांगताना एकदाही वर बघितलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. बाबा भिंग काढून एकेक कॉमेंट वाचत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे लोक वाचत होते." एवढंच. आणि एका बोटाने काकांना उत्तर लिहायला बसले.

ती सोय अजून चालूच होती, त्यामुळे बाबांचं उत्तरही मंजुरीला थांबलं आणि तिच्याच पुढ्यात येऊन पडलं. "रागावलो नव्हतो रे. हे यंत्र मला नीट जमत नाही, माझ्याकडूनच अडकलं. उद्या येतो." ती म्हणाली, बाबा, हे खोटं आहे. बाबा म्हणाले, "त्यातलं काही बदलू नकोस. जाऊ दे ते." मंजूर करताना तिला स्वतःच्या बोटाची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी ती त्यांना घेऊन गेली. काका दाराशीच खुर्ची टाकून बसले होते. दोघा म्हाताऱ्यांनी एकमेकांचे हात घट्ट धरले. मग डोळे पुसता पुसता काकांचं लक्ष तिच्याकडे गेलं.

"ही ना रे तुझी कॉम्प्युटरवाली? अरे, काखेत कळसा नि गावाला वळसा! हिला विचारायचंस की."

"तिला कुठे वेळ असतो," बाबा म्हणाले.

आता मात्र तिच्याच्याने राहवेना. "काका, बाबांचं काही चुकलं नाही. ते माझ्यामुळे अडकलं."

काका तिच्याकडे बघून कौतुकाने हसले. "बघ, बघ. बापाची चूक कशी अंगावर घेतेय! नशीबवान आहेस लेका. मी तर तुझ्यावर ढकलून मोकळा झालो होतो."

बाबांनी तिला डोळ्यांनीच गप्प राहा म्हटलं. काकांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, गुणाची पोर म्हणाले, आणि तिला मान खाली घालून तो हात फिरवून घ्यावा लागला.