शिगेचं माप

धान्य पायलीने मोजण्याचे दिवस होते. झरीच्या बाजारात एक ख्रिस्ती माणूस धर्माची पुस्तकं विकायला बसे, पण त्याची नजर व्यापाऱ्याच्या मापावर. एकदा मी विचारलंच, "माप काय बघता हो?"

"आमच्या पवित्र शास्त्रात एक संदेष्टा आहे, बाई, देवाचा निरोप सांगणारा. गरिबाला मापात लुबाडाल तर नाश होईल, असं तो भर बाजारात सांगे."

समोर एक वारली बाई तांदूळ देऊन मीठ घेत होती. व्यापाऱ्याने मीठ हात फिरवून सपाट दिलं आणि तांदळाला मात्र मापाच्या वर ढीग रचून शीग भरू लागला.

पुस्तकवाला उठला. "शेठ, मिठालाही शीग येऊ द्या."

"तुमचा देव देईल की!"

"मंग तांदूळ पन सपाट घे, शेट," म्हणत बाईने वरची शीग आपल्या टोपलीत ओढून घेतली.

पुस्तकवाला माझ्याकडे बघून हसला. मला हसता येईना. सकाळी तिच्याकडून मीही शीग भरूनच तांदूळ घेतले होते.