मामांचं बरणीतलं गिऱ्हाईक

माणसापेक्षा बेडकाचा चेहरा फोटोत जास्त खुलतो, असं छातीठोकपणे सांगणारा फोटोग्राफर अख्ख्या नगर जिल्ह्यात एकच झाला, आणि तो नेमका माझा मामा निघाला. सुप्याच्या स्टँडसमोर मामांचा स्टुडिओ होता. लग्नातल्या वरमाईला दोन मिनिटांत उरकणारे मामा बेडकाच्या पिल्लासमोर मात्र सकाळची दुपार करत. कॅमेरा आणि भिंग यांच्यामध्ये त्यांनी पावडरच्या डब्याची नळी बसवली होती. तिच्यातून राईएवढं पिल्लू म्हशीएवढं दिसतं, असा त्यांचा दावा होता. "गिऱ्हाईक असं पायजे. फोटो काळा आला म्हनत न्हाई," ते म्हणायचे. एका नवरदेवालाही ते सवयीनं "शेपूट हलवू नको" म्हणाले होते, असं मामी सांगायची.

दुष्काळाच्या वर्षी एकच सर आली आणि पावसानं पाठ फिरवली. ओढ्यातलं डबकं आटायला लागलं, तशी मामांनी त्यातली पिल्लं मामीच्या लोणच्याच्या काचेच्या बरणीत आणून सोडली. शेपटीवाल्या पिल्लाला पाय फुटताना टिपायचं, हा त्यांचा ध्यास. पाणी मात्र मामी लांबच्या विहिरीवरून डोक्यावर आणायची. "मानसाला न्हाई प्यायला, आन् ह्यांच्या बेडकांचं न्हानं चाललंय," असं म्हणत तीच तांब्याभर पाणी बरणीत ओतायची. वर फोटोच्या वेळी दाढीचा आरसा धरून बरणीवर उन्हाचा कवडसा पाडायचं कामही तिचंच. मी तेव्हा नगरला नोकरीला होतो. एका रविवारी गेलो, तेव्हा आरसा धरूनच ती म्हणाली, "आवं, लगीन झाल्यापून माजा एक फोटो न्हाई. एकडाव काडा की."

"काडतो की. आदी ह्याला पाय फुटू दे."

पाय फुटले, फोटो निघाला, मामा आठवडाभर हवेत होते. मामीचा फोटो मात्र राहून गेला, कारण बरणीत अजून बरीच पिल्लं होती.

काही वर्षांनी मामी गेली. भिंतीवर लावायला फोटो शोधू लागलो, तर स्टुडिओत सगळं गाव सापडलं, तीच सापडेना. मला मामांचा भयंकर राग आला. ते अंधाऱ्या खोलीत गेले आणि एक मोठा फोटो धुऊन घेऊन आले. तोच, बेडकाचा. बरणीच्या काचेवर आरसा धरलेली इवलीशी मामी उमटली होती. पदर नीट सावरून ती सरळ कॅमेऱ्याकडे बघत होती. माझा राग तिथंच विरघळला.

"हार जरा खाली घ्या, म्हंजी बेडूक झाकंल," एक पाहुणे म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या," मामा म्हणाले. "तिनं पानी घातलंय त्याला."