बाई गप्प बसल्या तेव्हा

हुपरीच्या दानेश्वरी शेटे यांचा गाण्याचा क्लास घराच्या पुढच्या खोलीत भरतो. मागच्या खोलीत त्यांचे यजमान अमरेश चांदीचे पैंजण घडवतात. एकोणीस वर्षं बाईंची पद्धत एकच होती. आपण खणखणीत गायचं, पोरांनी मागून म्हणायचं. पोरं चुकली की बाई आणखी मोठ्यानं गायच्या.

कोल्हापुरात संगीत शिक्षकांचा एक गट आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी वीसेक जण जमतात आणि कुणाचं शिकवताना कुठं अडतंय ते मोकळेपणानं बोलतात. गट चालवणाऱ्या पद्मजा देशिंगकर यांनी बाईंना तीनदा बोलावलं होतं. बाई गेल्या नाहीत. गाणं त्या मठातल्या भजनात शिकल्या होत्या. त्या पदवीवाल्यांत आपलं हसं होईल, अशी भीती त्यांना वाटायची.

गेल्या ऑगस्टमध्ये शिकवता शिकवता त्यांचा आवाज फाटला तो फाटलाच. स्वरतंतूंवर गाठी आल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवस बोलायचंसुद्धा नाही आणि तीन महिने गाणं बंद. नोव्हेंबरात एकतीस मुलांची परीक्षा होती. बाईंनी पाटीवर लिहिलं, "क्लास बंद करूया."

अमरेशनी न विचारता पद्मजाबाईंना फोन लावला. "बाई, हिचा आवाज गेलाय. पोरांची परीक्षा तोंडावर हाय. काय तरी सुचवा की."

मंगळवारी दारात पद्मजाबाई उभ्या होत्या, कोल्हापूरहून बसनं आलेल्या. शुक्रवारी पेठ वडगावहून गटातलेच अंबादास सर आले. दोघांनी वार वाटून घेतले होते. पैशाचा विषय अमरेशनी काढला तेव्हा पद्मजाबाई म्हणाल्या, "चहा द्या, गोड करा. तेवढं पुरे."

दानेश्वरीबाई कोपऱ्यात पाटी घेऊन बसायच्या. पहिल्या दिवशी त्यांना रागच आला. पद्मजाबाई स्वतः गातच नव्हत्या. शांभवी नावाच्या मुलीचा सूर उतरला, तर पद्मजाबाईंनी फक्त विचारलं, "तुला कुठं खटकलं?"

शांभवी गोंधळली, पुन्हा गायली, मधेच थांबली. "निषादावर. तिथं माझा श्वास संपतोय."

"मग श्वास आधी कुठं घेशील?"

मुलीनं स्वतःच जागा शोधली आणि ओळ नीट लागली. हीच ओळ आवाज जाण्याआधी दानेश्वरीबाई तिला महिनाभर गाऊन दाखवत होत्या. श्वासाचं त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं, कारण मुलगी गायची तेव्हा त्याही सोबत गात असायच्या. त्या दिवशी क्लास सुटल्यावर त्यांनी पाटीवर लिहून पद्मजाबाईंपुढं धरलं, "मी या पोरांना कधी ऐकलंच नाही."

पद्मजाबाई हसल्या नाहीत. "मलाही हे कळायला बारा वर्षं लागली, ताई. मला गटातल्याच एकानं दाखवलं."

पंधरा दिवसांनी बोलायची परवानगी मिळाली, तरी बाई शिकवताना कमीच बोलू लागल्या. एकेका मुलाचं गाणं ऐकून वहीत टिपणं काढू लागल्या. परीक्षेला एकतीसही जण बसले. दोघं नापास झाले, तेव्हा बाईंनी ती दोन्ही नावं घेऊन दुसऱ्या रविवारी कोल्हापूर गाठलं आणि भर सभेत विचारलं, "हितं माझं काय चुकलं असंल?" कुणी हसलं नाही. उलट अंबादास सरांनी बाईंची टिपणांची वही पुढं ओढली. "हे बघूच, पण मठातल्या भजनातली पोरं लयीला एवढी पक्की कशी असतात, ते आधी आम्हाला शिकवा." बाईंनी त्या दिवशी वीस शिक्षकांना टाळ्या वाजवत खोलीभर चालायला लावलं.

यंदा गटातल्या नेसरीच्या निशिगंधाला जुळं झालं. तिचा क्लास दोन महिने दानेश्वरीबाईंनी सांभाळला, आठवड्यातून एकदा, दोन बस बदलून. बाळांना बघायला गेल्या तेव्हा निशिगंधाचे डोळे भरून आले. "ताई, एवढ्या लांबून येता..."

"मी येणारच व्हते," बाई म्हणाल्या. "माझ्या दारात दोघं आलती, तवा कुठं मला शिकवायला आलं." आणि त्यांनी एका बाळाला मांडीवर घेतलं.